पडद्यामागचे वादक

२००५ साली आमच्या कर्जत-खालापूर परिसरात नितीन देसाई यांचा स्टुडिओ उभा राहिला आणि चित्रपटांचे देखावे दाराशी आले. वादक मात्र अदृश्यच राहतात. त्याच वर्षी अमेरिकेच्या क्रोनॉस चतुष्टयाने आशा भोसले यांच्यासह राहुलदेव बर्मन यांच्या जुन्या चित्रगीतांचा अल्बम काढला. समीक्षकांनी सत्तरी ओलांडलेल्या आशाबाईंचा आवाज वाखाणला. ग्रॅमीचे नामांकनही लाभले. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. मूळ वाद्यवृंदाचा भरणा साधण्यासाठी या चौघांना वादनाचे थरावर थर ध्वनिमुद्रित करावे लागले. मुंबईच्या तशा वाद्यवृंदांत चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेले गोव्याचे कितीतरी कॅथलिक वादक होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गीताने घरोघरी गेले. इतरांची नावे तबकड्यांच्या वेष्टनांवर क्वचितच छापली गेली.