शालेय पृष्ठभागांची स्वच्छता (मरोळ)

शाळेतील बाके, दारांच्या कड्या, जिन्याचे कठडे, पाण्याचे नळ, स्वच्छतागृहे अशा अनेकांचे हात लागणाऱ्या जागा धुऊन-पुसून, गरजेप्रमाणे निर्जंतुक करून संसर्ग रोखण्याची पद्धत. मरोळ हा अंधेरी पूर्वेचा, मुंबई महानगरपालिकेच्या के-पूर्व विभागातला दाट वस्तीचा भाग. मुंबईत अनेक शाळा सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरतात. एकाच बाकावर दिवसात दोन वर्गांची मुले बसत असल्यामुळे सत्रांमधली सफाई महत्त्वाची ठरते.

पूर्वपीठिका : साथीच्या खुणा मरोळच्या इतिहासातही आहेत. पोर्तुगीज काळातले, आता सीप्झ औद्योगिक क्षेत्राच्या आवारात भग्नावस्थेत उभे असलेले सेंट जॉन चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे सोडले गेले व पुढे मरोळला नवे चर्च झाले. १८९६ मध्ये मुंबई शहरात प्लेग आला, तेव्हा घरे जंतुनाशकांनी धुतली गेली, भिंतींना चुना लावला गेला. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत १८९८ मध्ये प्रयोगाने दाखवले. त्यामुळे नुसत्या भिंती धुण्याचा उपयोग मर्यादितच होता. मार्च २०२० मध्ये कोव्हिडमुळे शाळा बंद झाल्या. मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय महापालिकेचे प्रमुख कोव्हिड रुग्णालय बनले. मुंबईत ८ वी ते १२ वीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, तर १ ली ते ७ वीचे १५ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झाले. जानेवारी २०२२ मध्ये बहुतेक वर्ग पुन्हा काही काळ बंद राहिले.

कार्यपद्धती : क्रम आधी धुणे, मग निर्जंतुकीकरण असा असतो. धूळ, चिखल, अन्नकण यांत क्लोरीन खर्ची पडते. म्हणून मळक्या बाकावर थेट ब्लीच ओतणे वाया जाते. साबणाच्या पाण्याने पुसल्यावर ०.१ टक्का सोडियम हायपोक्लोराइट वापरावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२० च्या शाळांसाठीच्या सूचनांत १ टक्का द्रावण सांगितले होते. ३० टक्के क्लोरीन असलेल्या ब्लिचिंग पावडरीचे ०.१ टक्का द्रावण करायला लिटरमागे सुमारे ३.३ ग्रॅम पुरते. पृष्ठभाग निदान एक मिनिट ओला राहावा लागतो. ऊन व उष्णतेने द्रावणाची ताकद घटते, म्हणून ते रोज ताजे करतात. स्वच्छतागृहाच्या ॲसिडबरोबर ते मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. स्वच्छतागृहाचा पोछा व बादली वर्गात वापरत नाहीत. नेहमीच्या पांढऱ्या फिनेलने लादीला वास येतो. पण उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरससारख्या कणखर विषाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

पावसाळा : जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हाच पाऊस सुरू होतो. मिठी नदी मरोळजवळून वाहते, त्यामुळे पाणी शिरण्याची भीती असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला व पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य तापाची साथ आली. पाणी शिरलेल्या वर्गात सफाई कामगारांनी गमबूट व हातमोजे घालून आधी गाळ काढावा, मग धुवावे, शेवटी निर्जंतुक करून जागा कोरडी करावी. लेप्टोस्पायरा जिवाणू कोरडेपणात फार टिकत नाही.

मर्यादा : जुलाब, हिपॅटायटिस-ए प्रकारची कावीळ, डोळे येणे यांसारख्या हाताने पसरणाऱ्या रोगांत पृष्ठभाग-सफाईचा उपयोग होतो. त्याला मुलांच्या हात धुण्याची जोड हवी, विशेषतः मध्यान्ह भोजनाआधी. कोव्हिड मुख्यतः हवेतून पसरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दूषित पृष्ठभागाशी आलेल्या एका संपर्कातून संसर्गाची शक्यता १०,००० त १ पेक्षा कमी असल्याचे म्हटले. वर्गासारख्या बंद जागेत सरसकट जंतुनाशक फवारू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितले होते. गोवरासाठी लस, डेंग्यूसाठी साचलेल्या पाण्याचा निचरा, श्वसनरोगांसाठी उघड्या खिडक्या आणि आजारी मुलाला घरी ठेवणे हे उपाय जास्त परिणामकारक आहेत.