तुपोलेव्ह-१०४ : अपघातांचा पुरावा आणि दप्तराचें मौन

सोव्हिएट रशियाचीं प्रवासी विमानें सुरक्षित होतीं कीं नव्हतीं, हा वाद जुना आहे. तीं मुळांतच सदोष होतीं, असें एक पक्ष म्हणतो. त्यांची नाहक बदनामी झाली, असें दुसरा म्हणतो. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं साधनांची छाननी पुरेशी केलेली नाहीं.

तु-१०४ हें विमान तु-१६ या बाँबफेकी विमानावरून तयार झालें. सन १९५६ च्या सप्टेंबरांत तें मॉस्को-इर्कुत्स्क मार्गावर प्रवासी नेऊं लागलें. ब्रिटिशांचीं कॉमेट विमानें १९५४ पासून बंद असल्यामुळें पुढें सुमारें दोन वर्षें नियमित सेवेंतलें जेट प्रवासी विमान हें एकच होतें.

ता. १५ ऑगस्ट १९५८ रोजीं खाबारोव्स्कजवळ या जातीचें एक विमान पडून त्यांतील सर्व ६४ माणसें मेलीं. पडण्यापूर्वीं तें सुमारें १२,००० मीटरांवर गेलें होतें. परंतु कारणाचा उलगडा लागलीच झाला नाहीं. ता. १७ आक्टोबरला पेकिंगहून मॉस्कोस जाणारें तसलेंच विमान कानाशजवळ कोसळलें व ८० माणसें दगावलीं. या खेपेस मात्र पुरावा मागें राहिला. वैमानिक हॅरल्ड कुझ्नेत्सोव्ह यांनीं विमान खालीं येत असतां काय घडत आहे, तें रेडिओवरून अखेरपर्यंत कळविलें. प्रबळ ऊर्ध्वगामी वायुप्रवाहानें विमान न पेलणाऱ्या उंचीवर नेलें व मग तें सांवरेना, असें त्यावरून निष्पन्न झालें. पुढें उड्डाणाच्या उंचीस मर्यादा घातली गेली व शेपटीच्या आडव्या पंखांत सुधारणा झाली.

याच विमानांत चिनी पंडित चेंग चेन-तो हे होते. जपानी आक्रमणाच्या काळांत शांघायमध्यें राहून त्यांनीं दुर्मिळ ग्रंथ वांचविले होते. त्यांचा स्वतःचा संग्रह त्यांच्या पश्चात् पेकिंगच्या ग्रंथालयास मिळाला. ग्रंथसंग्राहकांस ही हानि निराळी सांगावयास नको.

सर्वच अपघातांचा दोष यंत्राकडे जात नाहीं. सन १९७९ मध्यें द्नेप्रोझेर्झिन्स्कवर दोन तु-१३४ विमानें आदळून १७८ माणसें मेलीं, ती चूक जमिनीवरील नियंत्रकांची. सन १९८१ मध्यें लेनिनग्राडजवळ नौदलाचें तु-१०४ पडून ५० जण मेले, तेथें भार अधिक व त्याची मांडणी चुकीची होती. उलट १९८२ मध्यें मोझिरजवळ याक-४२ पडून १३२ जण मेले, तें शेपटीच्या यंत्रणेंतील स्क्रू निकामी झाल्यामुळें. येथें दोष रचनेचाच. हे तिन्ही एकाच सदरांत मांडून केलेली बेरीज इतिहासाच्या उपयोगाची नाहीं.

विमानांत परदेशी प्रवासी असल्याखेरीज अपघाताचें वृत्त तेथील पत्रें सहसा छापीत नसत. तेव्हां त्या पत्रांचें मौन हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे. आणि राज्यानें वृत्त दडपलें एवढ्यावरून यंत्रही दोषी ठरत नाहीं. मागाहून रचलेल्या बखरीहून घटनेच्या वेळचा अस्सल कागद श्रेष्ठ, हा आपला नेहमींचा दंडक येथेंही लागू पडतो. कुझ्नेत्सोव्ह यांचें निवेदन कागदावर लिहिलेलें नव्हतें, तरी तें त्याच प्रतीचें साधन होय. आणि त्याच्या आधारें झालेल्या सुधारणेचा लाभ मागून त्या विमानांतून गेलेल्या प्रवाशांस झाला.