कैदी सॅम्युअल आणि जुनी मशीद

मुंबईत मस्जिद बंदरला उतरून चालत गेलात, तर सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ सालचं सिनेगॉग लागतं. शाआर हारहामीम, म्हणजे दयेचं दार. कोकणातले बेने इस्रायली मराठीच बोलायचे आणि सिनेगॉगला सरळ मशीद म्हणायचे. ही त्यांची जुनी मशीद.

ती उभारली सॅम्युअल इझिकेल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी यांनी. ते इंग्रजांच्या फौजेत होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात भावासकट टिपूच्या हाती सापडले. धर्म विचारल्यावर 'बेने इस्रायल' म्हणाले, हे नाव कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि जीव वाचला, अशी कथा आहे. सुटलो तर देवाचं घर बांधीन, हा त्यांचा नवस.

मी राळेगणसिद्धीचा. आमच्या नगरच्या किल्ल्यात १९४२ पासून नेहरू कैदेत होते, तेव्हा कैद्यांच्या गोष्टी आम्हाला नव्या नाहीत. दिवेकरांची मला आवडते, पण पुरती पटत नाही. १७८४ च्या मंगळूरच्या तहात कैदी सोडायचं कलमच होतं. आईने शब्द टाकला असेलही. पण तहाशिवाय किती जण घरी परतले असते?

आता दिवेकरांचाच धर्मग्रंथ बघा. त्यात अलीशा संदेष्टा अरामी सैनिकांना शोमरोनात आणतो. राजा विचारतो, मारू का? अलीशा म्हणतो, नाही, जेवू घाल आणि परत पाठव. राजा मोठी मेजवानी देतो. धाडी थांबतात. (पुढच्याच ओळीत अरामचा राजा शहराला वेढा घालतो, तेही तिथेच लिहिलंय.) अनुवादात तर वेढा कितीही लांबला तरी फळझाडं तोडायची नाहीत, असा नियम आहे.

आणि त्याच ग्रंथात शौल राजा अमालेक्यांच्या अगागाला जिवंत ठेवतो, तेव्हा संदेष्टा संतापतो आणि त्या कैद्याचे स्वतः तुकडे करतो. लोक यातली सोयीची गोष्ट उचलतात. मला दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात, कारण अगागाला मारणाऱ्या संदेष्ट्याचं नाव शमुवेल. इंग्रजीत सॅम्युअल. शत्रूच्या कैदेतून जिवंत सुटलेल्या दिवेकरांचं नाव तेच, आणि त्यांच्यावरूनच त्या रस्त्याचं.