परकोटाबाहेरचं पाणी

वऱ्हाडातल्या शहरांचा इतिहास सांगायला बसलं की माणूस कापसापासून सुरू करतो. बरोबरच आहे म्हणा. 1842 साली एका व्यापाऱ्यानं अमरावतीहून मिर्झापूरच्या वाटेनं कलकत्त्याकडे एक लाख बैलांवर कापूस लादून पाठवल्याची गोष्ट इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये आहे. एक लाख बैल! पण ही गोष्ट वाचली की माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न येतो. इतके बैल, इतके हमाल, गाडीवान, दलाल, हे सगळे पाणी कुठलं पित असतील?

विचारायचं कारण आहे. आपल्या अमरावती-अकोल्यात आज कुणालाही विचारा, "नळ कधी येते?" उत्तर "रोज" असं सहसा नाही भेटत. आणि हे दोन मोठ्या धरणांचं पाणी आणल्यानंतरचं आहे, बाप्पा.

आधी अमरावती. जुन्या शहराभोवतीचा परकोट निजामाच्या राजवटीत 1807 च्या सुमारास बांधायला घेतला. 20 ते 26 फूट उंच, घेर सव्वादोन मैल, पाच दरवाजे, चार खिडक्या. कशासाठी? पेंढाऱ्यांपासून पेठेतल्या सावकारांचा माल वाचवायला. म्हणजे या शहराचं पहिलं मोठं नियोजन म्हणजे मालाचा बंदोबस्त. खोलापुरी गेट, नागपुरी गेट ही नावं आज पोलीस ठाण्यांच्या पाट्यांवर राहिली आहेत, ते एका अर्थी जमूनच गेलं. परकोटाच्या आत विहिरींवर भागत होतं, कारण वस्तीच तेवढी होती.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. 1867 पर्यंत भुसावळ-नागपूर रेल्वे झाली. ती अकोल्यातून गेली, अमरावतीच्या वाट्याला मात्र बडनेऱ्याहून फाटा आला. पण कापसाला तेवढं पुरलं. जिनिंग-प्रेसिंग आले, परकोटाबाहेर कॅम्प वाढला, शहर बडनेरा रोडनं सरकायला लागलं. विहिरी पुरेनात. मग 1888 साली काळी नदीवर छत्री तलाव बांधला. पलीकडे वडाळीचा तलाव, तोही इंग्रजांच्याच काळातला. दोन्ही तलाव पोहऱ्याच्या जंगलाच्या उताराखाली आहेत. जागा निवडणाऱ्याला एक गोष्ट कळत होती, की तलाव राखायचा तर वरचा डोंगर राखावा लागतो. इंग्रजांचं कौतुक करायची मला हौस नाही. त्यांना कॅम्प आणि कापूस सांभाळायचा होता. पण हिशेब बरोबर होता, हे मान्य करावंच लागते.

1901 च्या जनगणनेत अमरावती 34 हजारांची, अकोला 29 हजारांचं. 2011 मध्ये अमरावती साडेसहा लाखांच्या जवळ, अकोला सव्वाचार लाखांचं. मध्ये 1983 साली बडनेरा धरून अमरावतीची महानगरपालिका झाली, 2001 मध्ये अकोल्याची. वडाळी, छत्री मागे पडले. पाणी आलं मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याहून, अप्पर वर्धा धरणाचं, पन्नासेक किलोमीटरवरून. ते आणणं भागच होतं. पण नळ दुरून आला आणि जवळचा तलाव फिरायला जायची जागा झाला. उतारावर प्लॉट पडले. ज्या नाल्यांनी पाणी वाहायचं ते लेआउटच्या नकाशात बारीक होत गेले. आंबा नाला आज किती जणांना नाला म्हणून ठाऊक आहे आणि किती जणांना फक्त गटार म्हणून, बघा विचारून.

अकोल्याची कथा याहून कठीण, कारण तिथं जमिनीनंच घात केला आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागते पण खारं. अशा मुलखात नदीला सोन्यासारखं जपायला पाहिजे. अकोल्याला मोर्णा होती. एका काठावर असदगड आणि जुनं शहर, दुसऱ्या काठावर नंतरची वस्ती. शहरानं नदीकडे पाठ केली. कापशीचा तलाव जुना झाला, मग महानहून काटेपूर्णेचं पाणी आलं, आणि मोर्णेत जलकुंभी माजली.

2018 च्या जानेवारीत हजारो अकोलेकर नदीत उतरले, हातानं जलकुंभी काढली. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. लोकांनी आपलं काम केलं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण सांडपाण्याचं तोंड नदीकडेच राहिलं तर जलकुंभी पुन्हा येणारच, ती काही उपकाराची भाषा समजत नाही. 2021 च्या जुलैत एका रात्रीच्या पावसानं मोर्णेचं पाणी काठच्या वस्त्यांमध्ये शिरलं. नदीनं आपलीच जागा मागितली होती.

त्याच्या आधी, 2016 मध्ये, अकोल्याची हद्द वाढून आजूबाजूची 24 गावं शहरात आली. हद्द एका आदेशानं वाढते, पाणी नाही वाढत. मग अमृत योजनेसाठी तेल्हाऱ्याकडच्या वान धरणातलं 24 दलघमी पाणी शहराला राखून ठेवायचं ठरलं, आणि तेल्हाऱ्याचे शेतकरी रस्त्यावर आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हे धरण आमच्या ओलितासाठी बांधलं, आम्ही खारपाणपट्ट्यातले, आमच्या विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही. मी शहरात राहतो, माझ्याही घरी नळाची वाट पाहतात. तरी या भांडणात मला शेतकऱ्याचीच बाजू वजनदार वाटते. शहरानं आधी आपल्या तुटक्या पाइपातून किती वाहून जाते ते मोजावं, वापरलेलं पाणी शुद्ध करून उद्योगांना द्यावं, आणि मग दुसऱ्याच्या धरणाकडे पाहावं.

एक गंमत सांगतो. 1897 साली वऱ्हाडात कापसाच्या आणि धान्याच्या बाजाराचा कायदा झाला, देशातला तसला पहिला. कापूस कुठं उतरवायचा, कसा तोलायचा, दलाल कोण, सगळं कागदावर. सव्वाशे वर्षांपूर्वी जे आपण बोंडाच्या बाबतीत करू शकलो, ते नाल्याच्या बाबतीत अजून जमलं नाही. नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर निळीपर्यंत, शंभर वर्षांतून एकदा येणारा लालपर्यंत. पण प्लॉट घेताना आपण रस्ता किती फुटी, एनए झाला का, एवढंच विचारतो.

विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. बहुतेक लोक आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलं का तेवढं पाहून घरी येतात. पुढच्या वेळी जाल तेव्हा आणखी पाच मिनिटं थांबा. अमरावतीकरांनी पोहऱ्याकडून वडाळी आणि छत्रीत उतरणारे नाले नकाशावर बोटानं शोधावेत, अकोलेकरांनी मोर्णेची निळी रेषा. जिथं नाल्याची रेघ मध्येच तुटते आणि पुढे पिवळा रहिवासी रंग लागतो, त्या जागेचा सर्व्हे नंबर लिहून घ्या आणि हरकत त्याच्यावर द्या, लेखी, पोच घेऊन.