तोच गडी, नाव पण तेच

मंडळी, ह्या ब्लॉगवर मी आजवर किल्ले, जुनी पत्रं, आमच्या गावातली बारव अशा विषयांवर लिहीत आलो. आजचा विषय वाचून माझे काही विद्यार्थी हसतील, आणि आमची सौ. तर आत्ताच हसून गेली आहे. विषय आहे व्हिडिओ गेममधली मारामारी. पण लेख इतिहासाचाच आहे, शेवटपर्यंत वाचा म्हणजे कळेल.

झालं असं की दिवाळीत नातू आला होता. बारावीत आहे. रात्री जेवणं झाली की हा टीव्हीसमोर बसून 'स्ट्रीट फायटर' खेळायचा. एकदा मी सहज पाहिलं, तर पडद्यावर दोन्ही बाजूंना एकच माणूस! तोच चेहरा, तेच दंड, तोच कपाळाला पट्टा. फक्त कपड्यांचा रंग वेगळा. मी म्हटलं, "अरे, हा स्वतःशीच भांडतोय का?"

"आबा, ह्याला मिरर मॅच म्हणतात. दोघांनी एकच कॅरेक्टर घेतलं की मिरर."

आणि माझ्या डोक्यात एकदम तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य वाजलं. त्या वाक्याकडे शेवटी येतो. आधी इतिहास.

गंमत म्हणजे ह्या खेळांची सुरुवातच मुळी आरशातल्या लढाईने झाली. 1984 साली 'कराटे चॅम्प' नावाचा खेळ आला. त्यात दोन कराटेपटू, एक पांढऱ्या कपड्यातला, एक लाल. दोघांचे डाव अगदी सारखे. 1987 साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने पहिला 'स्ट्रीट फायटर' काढला. त्यात पहिला खेळाडू रियू, दुसरा केन. नावं दोन, चेहरे दोन, पण डाव एकच. म्हणजे ह्याही वेळी आरसाच.

मग 1991 साली 'स्ट्रीट फायटर 2' आला आणि जगभरच्या पोरांना वेड लागलं. ह्यात आठ लढवय्ये होते आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. रियू आणि केन लांबून हातातून गोळा फेकणार, झँगीफ जवळ येऊन उचलून आपटणार, धालसिमचे हातपाय रबरासारखे लांब होणार (हा धालसिम आपल्याकडचा योगी दाखवलाय बरं का, गळ्यात कवट्यांची माळ घालून!). आता कोण कोणाला भारी, ह्याची चर्चा सुरू झाली. पण ह्या पहिल्या मशीनमध्ये एक अट होती. एकाने रियू घेतला की दुसऱ्याला रियू घेता येत नसे. फार तर केन घ्या, तो डावांना त्याचा जुळा भाऊच.

ही अट 1992 मध्ये गेली. त्या वर्षी कॅपकॉमने त्याच खेळाची 'चँपियन एडिशन' आवृत्ती काढली. त्यात दोघांनाही तोच लढवय्या घेता येऊ लागला आणि ओळखू यावा म्हणून दुसऱ्याला वेगळे रंग दिले. शिवाय आधी फक्त मशीनच्या बाजूने लढणारे चार खलनायकही खेळाडूंना मिळाले. रियू आणि केन ह्यांच्या डावांमध्येही थोडा फरक केला. म्हणजे बघा, खरा आरसा आल्यावर खोट्या जुळ्यांची गरज उरली नाही. त्याच वर्षी निन्टेंडोच्या घरगुती यंत्रासाठी जो खेळ निघाला, त्यात एका ठरावीक क्रमाने बटणं दाबली की ही सोय गुपचूप उघडायची. आणि त्याच वर्षी अमेरिकेत निघालेल्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये तर आधी इतर सहा जणांना हरवायचं आणि मग स्वतःच्याच प्रतिमेशी लढायचं, असा टप्पाच ठेवला होता.

आता ह्या आरशातल्या लढाईत बघण्यासारखं काय असतं? मला वाटलं होतं, दोघांकडे तेच डाव म्हणजे कंटाळाच. नातवाने दोन संध्याकाळी बसून समजावलं. मी मास्तर, तो मास्तरांचा मास्तर.

समजा दोन्हीकडे रियू आहे. दोघांनी एकाच वेळी गोळा फेकला तर ते मध्ये आदळून विरतात. फायदा कुणालाच नाही. एकाने गोळ्यावरून उडी मारून पुढे यायचं ठरवलं, तर दुसरा खालून वर उसळणारा ठोसा मारून त्याला हवेतच झोपवतो. पण हा ठोसा चुकला की मारणारा वरून खाली येईपर्यंत उघडा पडतो आणि मग त्याला चांगलाच प्रसाद मिळतो. म्हणून समोरचा उडी मारेल असं वाटायला लावायचं, आणि मारायची नाही. त्याला वाटायला लावायचं की आपण गोळा टाकतोय, आणि टाकायचा नाही. लाथेचा पल्ला दोघांचा सारखाच, म्हणून अर्धं पाऊल पुढे, अर्धं पाऊल मागे, असं चाललेलं असतं. माझी लाथ त्याला लागेल इतक्या जवळ आलो, की त्याचीही मला लागणारच.

ह्या खेळात सेकंदाला 60 चित्रं सरकतात. डोळ्यांनी पाहून हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे 15 चित्रांचा वेळ लागतो. कित्येक डाव त्याच्याआधीच येऊन लागतात. म्हणजे पाहून उत्तर देणं पुरत नाही, समोरच्याच्या मनात काय आहे ते आधीच ओळखावं लागतं. जपानी खेळाडू ह्याला 'योमी' म्हणतात, म्हणजे वाचन. मला हा शब्द फार आवडला. वेगवेगळे लढवय्ये असले की हरणारा म्हणू शकतो, तुझा गडी भारी होता. आरशात ही सबब चालत नाही. गडी तोच, डाव तेच. उरतो तो फक्त माणूस.

सगळ्यांनाच हे आवडतं असं मात्र नाही. 2018 साली लास वेगासला 'इव्हो' ह्या मोठ्या स्पर्धेत 'सुपर स्मॅश ब्रदर्स'च्या अंतिम सामन्यात दोघांनीही बायोनेटा हीच लढवय्यी घेतली. ती इतरांपेक्षा फारच वरचढ म्हणून लोक आधीच वैतागलेले, त्यांनी चक्क हुर्यो उडवली. त्या दोघांनीही शेवटी शेवटी लढायचं सोडून टंगळमंगळ केली आणि आयोजकांना मध्ये पडावं लागलं. नातू म्हणाला, "आबा, लोकांना कोण जिंकतं ह्यापेक्षा काहीतरी वेगळं बघायचं असतं."

असो. आता ते वाक्य.

1993 चा पावसाळा. तालुक्याच्या गावी मी नववीचा वर्गशिक्षक होतो. एस.टी. स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं होतं. रुपयाचं नाणं टाकून खेळायचं. शाळेतली पोरं दांडी मारून तिथे जातात अशी तक्रार आली, म्हणून एका दुपारी मी स्वतः गेलो. वर्गातला एक मुलगा मशीनपुढे उभा. भोवती दहा-पंधरा पोरांचा घोळका. पार्लरवाला म्हणाला, हा बाराच्या आधीपासून इथंच आहे. तेव्हा तीन वाजले होते.

त्या मुलाची आई एका खानावळीत पोळ्या लाटायची. वडील नव्हते. मी कानाला धरून बाहेर आणलं आणि विचारलं, "तीन तास खेळायला पैसे कुठून आणलेस?"

तो म्हणाला, "एकच रुपया होता, सर."

एक रुपयात तीन तास! मी एक थोबाडीत दिली. तो रडला नाही. म्हणाला, "खरंच सर. ते सगळे हरले. शेवटी त्यांनी माझाच गडी घेतला, नाव पण तेच, तरी हरले."

मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला शाळेत बोलावलं आणि मुलाच्या देखत सांगितलं, "घरातले पैसे मोजून ठेवत जा." ती बाई काही बोलली नाही. तो मुलगा त्यानंतर वर्गात माझ्या प्रश्नाला कधी हात वर करेनासा झाला. दहावी झाला आणि गाव सोडून गेला.

परवा नातवाला मी विचारलं, एक रुपयात तीन तास खेळता येतं का? तो म्हणाला, "येतं की. त्या मशीनवर दोघे लढले की हरणारा बाहेर. जिंकलेला तसाच पुढे खेळतो, नवा येणारा स्वतःचं नाणं टाकतो. हरलाच नाही तर दिवसभर एका नाण्यावर."

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की पुरावा तपासताना तो आतून तपासा. सांगणाऱ्याला ठाऊक असणं शक्य नाही अशी गोष्ट त्यात आहे का, आणि ठाऊक असायलाच हवी अशी आहे का, ते बघा. त्या मुलाची साक्ष मी आता तपासली. एका रुपयाची गोष्ट मशीनच्या नियमाला धरून आहे. "माझाच गडी, नाव पण तेच" ही गोष्ट 1991 च्या मशीनवर शक्य नव्हती, 1992 च्या आवृत्तीवर शक्य होती, आणि 1993 मध्ये ते मशीन आमच्या गावात असण्यात नवल नाही. थाप मारणाऱ्या मुलाला असला तपशील सुचत नाही. साक्ष खरी होती. माझा निकाल चुकला.

आणि दांडीचं काय? दांडी मारली होती, त्याची शिक्षा वेगळी. मी शिक्षा दिली ती चोरीची.

आणखी एक गोष्ट टोचते. मी वर्गात नेहमी म्हणायचो, सगळ्यांना पुस्तक तेच, फळा तोच, मास्तर तोच, मग तुलाच मार्क कमी का? म्हणजे मलाही वर्ग हा आरसाच वाटत होता. पण पार्लरमध्ये पैसेवाल्या पोरांना हरून पुन्हा नाणं टाकता येत होतं. ह्याला एकदाही हरून चालत नव्हतं. नाणं नसेल त्या दिवशी तो नुसता मागे उभा राहून बघत असणार. गडी सारखा मिळाला म्हणजे सगळं सारखं होत नाही. नातवाच्या शब्दात सांगायचं तर ह्या मुलाची योमी पक्की होती, आणि तीन तास त्याने ती दाखवली. त्याचं वाचन करायला मी मात्र कमी पडलो.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या गावची, त्या बॅचची मंडळी हा ब्लॉग वाचतात, ती ओळखतील. कुणाचा त्याच्याशी संपर्क असेल तर एवढाच निरोप द्या, की सरांनी तपासलं, एकच रुपया होता.