मुरबाडचा रस्ता, शहापूरचा रस्ता आणि एक बाटली

परवा शनिवारी मुरबाडला मामाकडे निघालो होतो. वाटेत कल्याणला रेड वाइनची बाटली घ्यायला थांबलो. मला हवं होतं कॅबर्नेचं ब्लेंड. दुकानदाराने दोन बाटल्या पुढे ठेवल्या, एक फ्रेंच, एक नाशिकची. फ्रेंच बाटली जवळजवळ तिप्पट महाग. सॅलरी अजून झाली नव्हती, त्यामुळे निर्णय सोपा होता.

रात्री मामाने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि किंमत विचारली. सांगितल्यावर म्हणाला, "एवढ्या पैशात आमच्या आज्याने वर्षभर मोहाची प्यायली असती. फरक एवढाच, त्याला पोलिसांनी धरलं असतं. तुला कुणी धरलं का?"

तेव्हा हसलो. पण रविवारभर डोक्यात तेच, आणि वाचत बसलो. त्याचाच हा वृत्तांत.

आधी ब्लेंड म्हणजे काय ते. कॅबर्ने सोव्हिन्यॉं हे द्राक्ष म्हणजे कॅबर्ने फ्रांक आणि सोव्हिन्यॉं ब्लां यांचा संकर. हे 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात डीएनए चाचणीने सिद्ध झालं. द्राक्ष जाड सालीचं आणि उशिरा पिकणारं. बोर्दोत पाऊस लवकर आला की पीक हातचं जायचं, म्हणून तिथले शेतकरी शेजारी लवकर पिकणारं मेर्लो लावायचे आणि दोन्हींची वाइन एकत्र करायचे. थोडक्यात, ब्लेंड म्हणजे शेतकऱ्याचा बॅकअप प्लॅन. 19व्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपली वाइन भरदार करायला ऱ्होन खोऱ्यातली सिरा, म्हणजेच आपण म्हणतो ती शिराझ, तिच्यात मिसळत. पुढे ऑस्ट्रेलियाने कॅबर्ने-शिराझ हीच आपली ओळख केली. पेनफोल्ड्सची बिन 389 ही 1960 पासूनची. आपल्याकडच्या उन्हात शिराझ चांगली पिकते, कॅबर्ने तिला कणा देते. म्हणून भारतातही हीच जोडी रुजली.

आता गंमत बघा. मुरबाडहून टोकावड्यावरून माळशेज घाट चढला की ओतूर, पुढे नारायणगाव. तिथे 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी शातो इंडाज उभी केली आणि 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाइन परदेशात नेली. 2008 च्या मंदीनंतर ती कंपनी कर्जात बुडाली. शहापूरहून कसारा घाट चढला की इगतपुरी आणि नाशिक. तिथे राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. म्हणजे आमच्या दोन तालुक्यांतून निघणारे दोन रस्ते महाराष्ट्राच्या वाइनच्या दोन पिढ्यांकडे जातात. आमच्या वाट्याला मात्र द्राक्ष नाही. आमच्याकडे मोह.

ठाकूर, कातकरी आणि इतर आदिवासी पाड्यांवर मोहाचं फूल म्हणजे खाणं, औषध, गुरांचा चारा आणि सणाची दारू, सगळंच. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळायचा हक्क सरकार आणि ठेकेदारांकडे गेला. उरणच्या मोठ्या भट्ट्यांची दारू खपवायची तर जंगलातली फुकटची दारू बंद व्हायला हवी. पण भट्टी घरोघर, पकडणार किती? मग 1892 साली कायदा थेट फुलापर्यंत पोचला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावर, जवळ बाळगण्यावर निर्बंध आले. झाडाखाली पडलेलं फूल उचलणं गुन्हा! स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि घरची भट्टी 'हातभट्टी' म्हणून बदनाम झाली ती झालीच.

आणि द्राक्ष? 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांपासून राज्यात बनलेल्या वाइनला उत्पादन शुल्क माफ. पुढे 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत देण्याची योजनाही आली. कारण दिलं शेतकऱ्याच्या हिताचं, आणि ते खोटंही नाही. पण फूल वेचणाऱ्या बाईच्या हिताचा विचार व्हायला 2021 उजाडावं लागलं. तेव्हा कुठे राज्याने मोहफुलांवरचे निर्बंध सैल केले.

म्हणजे मामाचा प्रश्न बरोबर होता. आपण ज्याला 'व्हॅल्यू फॉर मनी' म्हणतो, त्यातला मोठा भाग वाइनमेकरने नाही, कायद्याने ठरवलेला असतो.

हे कळल्यावर खरेदी सोपी होते. माझे नियम सांगतो.

एक, महाराष्ट्रात असाल तर महाराष्ट्राची घ्या. सुलाची शिराझ-कॅबर्ने, नाशिकच्याच यॉर्कची आरोस. आरोस थोडी महाग, पण खास दिवसासाठी ठीक. अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते (सांजोवेझे आणि कॅबर्ने) बोनसच्या महिन्यात. ग्रोव्हरची ला रिझर्व्ह हे देशातलं गाजलेलं कॅबर्ने-शिराझ, पण ते कर्नाटकातल्या नंदी हिल्सचं. बंगळुरूला गेलात तर तिथे घ्या.

दोन, परदेशीच हवी तर ऑस्ट्रेलियन बघा. आयात वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क होतं. डिसेंबर 2022 पासून लागू झालेल्या करारामुळे 5 डॉलरच्या वरच्या ऑस्ट्रेलियन बाटल्यांवर ते टप्प्याटप्प्याने उतरतंय.

तीन, दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. मी एकदा घेतली होती. उकळलेल्या जांभळाच्या रसासारखी लागली. आतल्या थंड कपाटातली मागा, वर्ष बघा, आणि साध्या किमतीची रेड दोन-तीन वर्षांत संपवा. घरी आणल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये. आपलं 'रूम टेंपरेचर' फ्रान्सचं नाही.

असो. मामाने दुसरा ग्लास मागितला, तेव्हा तोंड वाकडं केलं नाही. म्हणाला, "बरी आहे. आता पाड्यावरच्या कुणाला असं लेबल लावून मोहाची विकू देतील का, ते वाचून सांग."

वाचतोय, मामा.