सक्ती, संमती आणि मातेचे आरोग्य : १९७६-७७ चे दोन अनुभव

कुटुंबनियोजन म्हटले की आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना आजही १९७६ साल आठवते. मग मातेच्या प्रकृतीचा प्रश्न मागे पडतो आणि अविश्वास पुढे येतो. प्रस्तुत लेखात त्याच सुमाराच्या दोन अनुभवांची तुलना केली आहे.

आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, भारतात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आदल्या वर्षी ही संख्या सुमारे २७ लाख होती. अनेक राज्यांत शिक्षकांसह सरकारी कर्मचाऱ्यांना उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. नोव्हेंबर १९७६ मध्ये हरियाणातील उटावड या मेव मुसलमानांच्या गावाला पोलिसांनी वेढा घातला आणि पुरुषांना नसबंदीसाठी नेले. शाह आयोगाने नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद केली. या सक्तीची झळ सर्वच धर्मांतील गरिबांना बसली. मोजदाद शस्त्रक्रियांची होत होती. मातेचा अशक्तपणा किंवा दोन बाळंतपणांतील अंतर यांना त्या हिशेबात स्थान नव्हते.

दुसरा अनुभव बांगलादेशातील मतलब या मुस्लिमबहुल ग्रामीण भागाचा. तेथे १९७५ मध्ये घरोघर गोळ्या वाटण्यात आल्या. पण त्रास झाल्यास विचारपूस करणारे कोणी नसल्याने वापर लवकरच घटला. ऑक्टोबर १९७७ मध्ये पद्धत बदलली. गावातीलच शिकलेल्या, विवाहित स्त्रिया दर पंधरवड्यास घरी जाऊ लागल्या. गोळ्या, इंजेक्शन, निरोध यांपैकी निवड स्त्रीची असे आणि त्रास झाल्यास साधन बदलून मिळे. पुढे धनुर्वात व गोवर यांच्या लसीही आल्या. साधारण दोन वर्षांत सुमारे एक तृतीयांश जोडपी साधने वापरू लागली. १९९६ च्या पाहणीत शेजारच्या गावांच्या तुलनेत येथील जननप्रमाण सुमारे १५ टक्के कमी, स्त्रियांचे वजन अधिक चांगले आणि बालमृत्यू कमी आढळले. यात लसीकरणाचाही वाटा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

यामागचे कारण साधे आहे. बाळंतपणानंतर शरीरातील लोह भरून येण्यास वेळ लागतो. लगेच पुन्हा गर्भ राहिल्यास माता रक्तक्षयाने खंगते, बाळ कमी वजनाचे जन्मते आणि आधीच्या मुलाचे अंगावरचे दूध तुटते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर सुचवते. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीतही स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षांचीच सांगितली आहे. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या' मध्ये अज़्ल, म्हणजे गर्भ टाळण्याची तत्कालीन रीत, वैध मानली आणि पत्नीच्या जिवाची काळजी हे त्यामागील एक रास्त कारण ठरवले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील मुस्लिम स्त्रियांचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये सुमारे २.४ वर आला. ही घट आणीबाणीतील सक्तीशिवाय झाली आहे. मुलींचे शिक्षण आणि सेवेची उपलब्धता यांचा त्यात मोठा हात आहे.

म्हणून वर्गात हा विषय शिकवताना १९७६ चा अन्याय झाकू नये. पण त्याच्या सावलीत आजच्या मातेचा हक्कही झाकला जाऊ देऊ नये. नकार सक्तीला असावा, आरोग्याला नव्हे. हा फरक विद्यार्थिनींपर्यंत पोहोचवणे आपल्या हाती आहे.